कळसूबाई, मे महिना आणि आपण सोलापूरकर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च संपून शाळांच्या परीक्षा आटोपत आल्या की माझ्या फोनवर तेच ते प्रश्न यायला लागतात. सुट्ट्या मेमध्येच मिळतात, मुलं घरात बसून कंटाळतात आणि कुणीतरी कळसूबाईचे फोटो पाहिलेले असतात. मी आत्तापर्यंत सहा वेळा उन्हाळ्यात हा डोंगर चढले, त्यातला एकदा अर्ध्यातून परत आले. दरवेळी तेच टाइप करण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवते.

कळसूबाई नेमकं आहे कुठे आणि किती उंच?

उंची 1646 मीटर. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यात, नाशिक जिल्ह्याच्या इगतपुरी तालुक्याच्या सीमेवर. हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नेहमीची वाट बारी गावातून सुरू होते. बारी भंडारदऱ्यापासून सहाएक किलोमीटरवर आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत साधारण आठशे-साडेआठशे मीटरचा चढ भरतो.

आपल्या हिशेबात सांगायचं तर, एका मजल्याला तीन मीटर धरले तर पावणेतीनशेच्या आसपास मजले. लिफ्ट नाही.

सोलापूरहून जायचं कसं? एका दिवसात होईल का?

डोंगर एका दिवसाचा आहे, प्रवास नाही. ह्या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा.

गाडीने टेंभुर्णी, करमाळा, अहिल्यानगर, संगमनेर, अकोले, राजूर, बारी असा रस्ता. पावणेचारशे-चारशे किलोमीटर होतात, म्हणजे चहापाणी धरून नऊ-दहा तास. रेल्वेने जायचं तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने पहाटे कल्याणला उतरा, तिथून कसारा किंवा इगतपुरी, पुढे घोटीमार्गे जीपने बारी. यात उतर-चढ फार, पण गाडी चालवायचा ताण नाही.

आम्ही काय करतो सांगते. शनिवारी पहाटे पाचला सोलापूर सोडायचं, दुपारी तीन-चारपर्यंत बारीत. गावात घरगुती राहायची-जेवायची सोय होते. रात्री आठला जेवण, नऊला आडवं व्हायचं. रविवारी पहाटे चारला चढाई. जे लोक शनिवारी रात्री सोलापुरातून निघतात, गाडीत डुलक्या घेतात आणि रविवारी सकाळी आठला थेट चढायला लागतात, त्यांच्याबद्दल पुढे येईलच.

आम्ही बेचाळीस-त्रेचाळीस डिग्रीत राहतो. तिथलं ऊन आम्हाला काय करणार?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात धोक्याचाही. म्हणून जरा सविस्तर.

आधी तुमची बाजू. उंचीबरोबर हवा थंड होत जाते, हजार मीटरला सरासरी साडेसहा अंशांनी. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे-पावणेपाचशे मीटरवर आहे, म्हणजे माथा आपल्यापेक्षा जवळपास बाराशे मीटर उंच. त्याच दिवशी, तशाच हवेत, तिथे सात-आठ अंशांनी गार असायला हवं. वर वारंही असतं. इथपर्यंत सगळं छान.

आता दुसरी बाजू. आपल्याला सवय आहे ती उन्हात *राहायची*. दुपारी बारा ते चार आपण काय करतो? पडदे ओढतो, कूलर लावतो, बाजारसुद्धा सुस्तावतो. खरी उष्णतेची सवय शरीराला लागते ती उन्हात रोज घाम काढून, आणि त्याला दहा ते चौदा दिवस जातात. शेतात, बांधकामावर, भट्टीजवळ काम करणाऱ्याला ती असते. बँकेत बसणाऱ्याला नसते, मग तो जन्माने कितीही सोलापूरकर असो.

दुसरं म्हणजे चढताना उष्णता बाहेरून येते त्याहून जास्त आतून येते. स्नायू जेवढी ऊर्जा जाळतात त्यातला पाव हिस्सा जेमतेम कामी येतो, बाकीची उष्णता होऊन अंगात राहते. ती बाहेर टाकायचा मार्ग एकच: घाम वाळणं.

आणि इथेच आपण फसतो. सोलापूरची हवा कोरडी. घाम येतो न येतो तोच वाळतो, आपल्याला कळतही नाही. सह्याद्रीच्या कड्यावर मेमध्ये कोकणातून दमट हवा वर येते. घाम येतो, शर्ट चिंब होतो, पण वाळत नाही. म्हणजे पाणी जातं आणि गारवा मिळत नाही. चौतीस डिग्रीत तुम्हाला त्रेचाळीसपेक्षा वाईट वाटू शकतं, आणि "हे तर काहीच नाही" म्हणत तुम्ही चालत राहता.

माझा भाऊ असाच चालत राहिला होता. ठरवलेली गाडी तीन तास उशिरा आली, त्यामुळे आम्ही चारऐवजी पावणेआठला चढायला लागलो. परत फिरायला हवं होतं, पण एवढ्या लांब आलोय म्हणून फिरलो नाही. साडेदहाच्या सुमारास, शेवटच्या शिडीच्या खालच्या टप्प्यावर, एरवी तोंड न मिटणारा माझा भाऊ गप्प झाला. मग त्याने बाटली कुठे ठेवली ते विचारलं, आणि बाटली त्याच्याच हातात होती. त्याला सावलीत बसवून अंगावर सगळ्यांचं पाणी ओतलं, टॉवेलने वारा घातला. तो अर्ध्या तासात ताळ्यावर आला. आम्ही माथा न बघता उतरलो. तेव्हापासून माझा नियम: उन्हाळ्यात नऊ वाजता जिथे असाल तिथून परत. शिखर दिसत असलं तरी.

पहाटे चार म्हणजे फारच लवकर नाही का?

नाही. मेच्या अखेरीस सूर्य सहाच्या आसपास उगवतो. चारला निघालात तर खालचा टप्पा बॅटरीवर होतो, शिड्यांपाशी पोचेपर्यंत झुंजुमुंजू झालेलं असतं. चढायला आपल्यासारख्यांना तीन ते चार तास लागतात. सात-साडेसातला माथा, अर्धा-पाऊण तास वर, साडेदहाच्या आत बारीत ताकाचा ग्लास हातात.

अजून एक. बारीची वाट डोंगराच्या पूर्व अंगाने चढते. सूर्य उगवला की पाठीवरच बसतो आणि माथ्यापर्यंत उतरत नाही. वरचा अर्धा भाग उघडाबोडका, झाडाची सावली विचारू नका. उशीर करणाऱ्याला या डोंगरावर लपायला जागाच नाही.

अंधारात चढायला देतात का, वाट दाखवायला कोण येईल, हे आदल्या संध्याकाळी गावातच विचारा. गावातला वाटाड्या घ्या. वाट सोपी आहे हे खरं, पण चार पैसे त्या गावात राहिले तर बिघडलं काय?

पाणी किती न्यायचं? वर मिळत नाही का?

माणशी चार लिटर. हो, चार किलो वजन होतं. हो, खांदे दुखतात. जोराच्या चढावर तासाला लिटरभर घाम सहज जातो, त्यामुळे यात घासाघीस नको.

माथ्याच्या खाली एक विहीर आहे. पण मेमध्ये तिचा तळ दिसत असतो, आणि जे उरलेलं असतं ते तिथल्या लोकांचं. तिच्या भरवशावर निघू नका. शनिवार-रविवारी वाटेत गावकऱ्यांच्या टपऱ्या असतात, लिंबू सरबत मिळतं. मधल्या वारी गेलात तर एकही उघडी नसण्याची तयारी ठेवा.

नुसतं पाणी ढोसत राहणंही चूक. घामाबरोबर मीठ जातं. वरून फक्त पाणी भरलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, डोकं दुखतं, मळमळतं, आणि माणूस त्यावर अजून पाणी पितो. चारपैकी दोन लिटरमध्ये ओआरएस घाला. पाकीट औषधाच्या दुकानातलं, एका लिटरला एक. खोक्यात मिळणारी गोड पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ अंदाजाने ओतू नका, चमच्याने मोजा.

खिशात कांदा ठेवला की ऊन लागत नाही म्हणतात. खरं का?

माझी आजीपण ठेवायची. ठेवा की, कोण नको म्हणतंय. पण दहाला तो खिशातून काढून भाकरीबरोबर खा, उपयोग होईल.

खायला काय न्यावं?

इथे सोलापूरकराला कुणाकडून शिकायची गरज नाही. कडक भाकरी आणि शेंगाचटणी. यापेक्षा बरं ट्रेकचं खाणं मी तरी पाहिलेलं नाही. भाकरी आठवडाभर टिकते, सॅकमध्ये मोडली तरी चव बदलत नाही. चटणीत तेल, मीठ, तिखट, शेंगदाणे सगळं आलं. एकच अडचण, कोरडी असल्याने पाणी मागते. म्हणून सोबत दही किंवा काकडी. धपाटे नेलेत तर ते सकाळीच संपवा. गूळ-शेंगदाणे खिशात असू द्या. अंडी, श्रीखंड, पनीर वगैरे मेमध्ये नको. दरवर्षी कुणीतरी आणतंच.

आम्ही सपाटीवरची माणसं. सराव कुठे करायचा?

सिद्धेश्वर तलावाला किंवा कंबर तलावाला दहा फेऱ्या मारल्या तरी त्या सपाटच. दम वाढेल, पण मांड्यांना चढ कळणार नाही. जिना हाच आपला डोंगर. चार मजली इमारत असेल तर आठवड्यातून तीनदा, आधी पाच वेळा वर-खाली, मग वाढवत पंधरापर्यंत. शेवटच्या दोन आठवड्यांत पाठीवर सॅक आणि तिच्यात पाण्याच्या बाटल्या. शेजारी विचारतील, सांगा खरं काय ते.

रविवारी तुळजापूर गाठा. घाटाच्या खाली गाडी लावून पहाटे चालत वर जा, देवीचं दर्शन घ्या, चालत खाली या. वाहनांकडे लक्ष ठेवा. नवरात्र आणि पौर्णिमेला चालत जाणारे आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना हे सांगायलाच नको. नळदुर्गचा किल्लाही सरावाला बरा.

उतरायचा सराव विसरू नका. पाय चढताना थकतात, गुडघे उतरताना बोलतात.

शिड्यांची भीती वाटते. किती अवघड आहेत?

तीन-चार लोखंडी शिड्या आहेत, उभ्या कातळाच्या टप्प्यांवर लावलेल्या, दोन्ही बाजूंना कठडे. बारीतल्या बायका नऊवारीत, डोक्यावर ओझं घेऊन चढतात. भीती वाटणाऱ्याने समोरच्या पायरीकडे बघायचं, खाली नाही. शिडीवर एका वेळी कमी माणसं, मध्येच थांबून सेल्फी नाही. उतरताना तोंड शिडीकडे.

उन्हाळ्यातली खास अडचण वेगळीच: दहा-अकरानंतर लोखंड तापतं. कठडा धरवत नाही. स्वस्तातले सुती हातमोजे ठेवा.

चढताना त्रास होतोय हे ओळखायचं कसं?

पोटरीत गोळे येणं, चक्कर, डोकेदुखी, मळमळ ही पहिली हाक. थांबा, सावली शोधा, ओआरएस घोट घोट घ्या, आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी वर जाऊ नका.

बोलणं असंबद्ध होणं, तोल जाणं, चिडचिड, गोंधळ, बेशुद्धी म्हणजे उष्माघात. शरीराच्या आतलं तापमान चाळीसच्या वर गेलेलं असतं. अंग कोरडं पडेल याची वाट बघू नका. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने भिजलेलाही असतो. आधी गार करा: कपडे सैल, अंगावर पाणी, जोराचा वारा, मान, काखा, जांघा इथे ओले टॉवेल. शुद्धीत नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका. त्याच वेळी दुसऱ्याने 108 लावावा आणि गावात माणूस पळवावा. पॅरासिटामॉलने हा ताप उतरत नाही.

इथे आपला सोलापुरी टॉवेल कामाला येतो. मोठा टेरी टॉवेल ओला करून मानेभोवती. पाणी धरून ठेवतो, तासभर मान गार. चादरही न्या, बारीत पहाटे अंगावर घ्यावीशी वाटते.

उंचीवर ऑक्सिजन कमी पडेल का?

नाही. विरळ हवेचा त्रास साधारण अडीच हजार मीटरच्या पुढे सुरू होतो. दम लागतो तो चढाने.

मेमध्ये पाऊस नसतोच ना?

वळीव असतो, आणि तो पावसाळ्यातल्या पावसापेक्षा वाईट. सकाळ स्वच्छ, बारा-एकला ढग फुगायला लागतात, तीन-चारला गडगडाट. राज्यातल्या सगळ्यात उंच ठिकाणी, लोखंडी शिड्यांच्या डोक्यावर, वीज पडायच्या वेळी उभं राहायचं नसतं. साडेदहाला खाली येण्यामागे ऊन हे अर्धंच कारण आहे.

तरीही सापडलात तर: वीज दिसल्यापासून आवाज येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंदाला एक किलोमीटर. तीसच्या आत आवाज आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. माथा आणि धार सोडा, एकट्या झाडाखाली जाऊ नका, एकमेकांपासून अंतर ठेवा, शिडीला हात लावू नका. माथ्यावरचं देऊळ इवलंसं आहे, त्याचा आडोसा समजू नका. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मग हालचाल. पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं दामिनी ॲप जवळ पडणाऱ्या विजेची सूचना देतं. ते घरूनच घालून घ्या, वाटेत रेंज येते-जाते.

मुलं आणि वयस्कर माणसं येऊ शकतात का?

दहाच्या पुढची, चालायची सवय असलेली मुलं मजेत चढतात. पुष्कळदा तीच आपल्याला ओढतात. त्याहून लहानांना मेमध्ये नको, थंडीत न्या. मुलं तहान लागेपर्यंत पाणी मागत नाहीत, दर वीस मिनिटांनी घोटभर पाजा.

साठीच्या पुढच्यांसाठी वय हा प्रश्न नाही, गोळ्या हा आहे. ब्लडप्रेशरच्या काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात. अशा गोळीवर असताना घामही गेला तर पाणी झपाट्याने कमी पडतं. डॉक्टरांना "डोंगरावर जातोय" एवढंच सांगू नका. मे महिना आहे, चार तास चढ आहे हेही सांगा. गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका. मधुमेहींनी साखर-गूळ हाताशी ठेवावा.

कपडे, बूट?

पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, रुंद काठाची टोपी. तळ झिजलेले बूट नकोत. उतरताना मुरमाच्या घसाऱ्यावर हमखास पाय सरकतो. आदल्या दिवशी पायाची नखं कापा, नाहीतर उतारावर बुटाच्या टोकाशी आपटून काळी पडतात. जीन्स नको. माकडं आहेत, पिशव्या हातात लोंबकळत ठेवू नका.

बायकांसाठी वाटेत सोय आहे का?

वाटेवर नाही. ज्या घरात मुक्काम कराल तिथे असते, हे ठरवतानाच विचारून घ्या. या कारणाने पाणी कमी पिऊ नका, ही आपली जुनी खोड मेमध्ये महागात पडते.

वर काय दिसतं?

मेमध्ये? खरं सांगू, धुरकट असतं. लांबचं बघायचं तर पावसाळा संपल्यावर या. तरीही पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग ओळीने उभे दिसतात, रतनगड दिसतो, आणि खाली भंडारदऱ्याचं पाणी. प्रवरेवरचं हे धरण 1926 साली पूर्ण झालं. मेमध्ये पाणी मागे हटून काठाची पट्टी उघडी पडलेली असते.

डोंगराचे थर बघा, पायऱ्यांसारखे. एकावर एक सांडलेल्या लाव्हाचे हे थर, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. आपल्या शेतातली काळी माती याच जातीच्या दगडाचा झिजून झालेला भुगा. ज्वारीच्या रानात भेगाळते तीच ही, इथे उभी.

देवळाची कथा काय आहे?

सांगतात ती अशी. कळसू ही कोळ्याची पोर. इंदोरे गावच्या पाटलाकडे कामाला राहिली, पण अट घालून: केरकचरा आणि भांडी सोडून सांगाल ते करीन. एक दिवस तिला नेमकं तेच काम सांगितलं. तिने भांडी घासली, केर काढला आणि डोंगर चढून गेली ती परत आली नाही. भांडी घासली त्या जागेला थाळेमेळ म्हणतात. नवरात्रात मोठी जत्रा भरते. घरकामाला नाही म्हणून गेलेल्या बाईचं देऊळ राज्याच्या सगळ्यात उंच जागी आहे, हे मला दरवेळी आवडतं.

चपला काढा, नारळाच्या शेंड्या आणि प्लॅस्टिक खाली आणा, स्पीकर आणू नका.

उरलेल्या वेळात काय बघावं?

शनिवारी संध्याकाळी रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. कोरीव काम बघायला तासभर हवा. धबधबे मेमध्ये कोरडे असतात, त्यांच्यासाठी वळसा घालू नका. मेच्या शेवटी, पहिल्या पावसाच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या बाजूला झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. बघायला जाल तर मोबाईलचा उजेड बंद, गाडीचे दिवे बंद, झाड हलवणं तर नाहीच; काजव्यांची ती जोडीदार शोधायची वेळ असते. पण मग रात्री एकला झोपून पहाटे चारला चढायचा हट्ट नको. दोन्हीपैकी एक.

आणि करवंदं. पोरी पानांच्या द्रोणात घेऊन बसतात. भाव करू नका.

परतीला गाडी कुणी चालवायची?

जो डोंगर चढला नाही त्याने. पहाटे तीनपासून जागा, सात तास पायपीट, पोटात पिठलं-भाकरी, वर चारशे किलोमीटर: करमाळ्याच्या पुढे सरळ रस्त्यावर, पश्चिमेचं ऊन पाठीशी असताना डोळा लागायला काही लागत नाही. आम्ही ड्रायव्हर वेगळा नेतो, त्याला बारीत झोपू देतो आणि त्याच्यासाठी खालीच जेवण सांगून ठेवतो. तो "मी पण येतो की वर" म्हणतोच दरवेळी. नाही म्हणा. घरचाच कुणी चालवणार असेल तर रविवारी भंडारदऱ्यात मुक्काम करून सोमवारी सकाळी निघा, आणि सोमवारची रजा आधीच टाकून या.